गाडीची विचारपूस

तुळशीरामभाऊंच्या दारात गाडी उभी केली की ते आधी तुमच्याकडे बघतच नाहीत. नमस्कार नाही, या-बसा नाही. गाडीभोवती एक चक्कर मारतात, मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून बोट फिरवतात, बोटाला लागलेली धूळ अंगठ्यानं चोळतात, नाकाजवळ नेतात आणि मग जाहीर करतात, "घाटावर गेलते. मेहकरच्या तिकडं. येतानी मधातच कच्च्या रस्त्यानं घुसले." समोरचा माणूस तोंड उघडं टाकून उभा राहतो, कारण तो खरोखरच तिकडून आलेला असतो. मग भाऊ पहिल्यांदा त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "बसा. पाणी घ्या."

मी मोताळ्याच्या कॉलेजात शिकवत होतो आणि नऊ वर्षं त्यांच्या शेजारी भाड्यानं राहिलो. आता बदली होऊन बुलढाण्याला आलोय. इथे गाडी धुवायला काचेच्या दारांचं चकचकीत सेंटर आहे. तिथला माणूस किल्ली घेतो, टोकन देतो आणि मोबाईलमध्ये डोकं घालतो. मी कुठे जाऊन आलो याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. हे माझ्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.

भाऊंनी माझी गाडी पहिल्यांदा धुतली तो दिवस आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. आदल्या रविवारी मी बायकोला बुलढाण्याला परीक्षेच्या कामाची मीटिंग आहे असं सांगून मित्रांबरोबर डोणगावला हुरडा खायला गेलो होतो. सोमवारी भाऊंनी गाडीतली पायपुसणी बाहेर काढली, झटकली, वाकून बघितलं आणि कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, हुरडा लय कवळा होता बाप्पा! आन हे पाहा, लसणाच्या चटनीची पुडी. डोणगावच्या दुकानाचं नाव हाये." कुंपणापलीकडे बायको कपडे वाळत घालत होती. तिनं अगदी शांतपणे विचारलं, "मीटिंगमध्ये हुरडा होता का?" पुढचे चार दिवस मला दोन्ही वेळा नुसतं वरण-भात मिळालं.

भाऊंना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. "मी कुठं काय बोललो सर? गाडी बोलली. गाडी खोटं नाई बोलत." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दहा वेळा तरी ते कोणाच्या ना कोणाच्या तोंडावर फेकायचे.

माणूस दिसायला काटकुळा. साठी ओलांडलेली. अंगात खाकी अर्ध्या बाहीचा शर्ट, खांद्यावर दुपट्टा आणि इतर लोक कानावर विडी ठेवतात तिथे यांचा दात घासायचा जुना ब्रश. गल्लीतल्या सगळ्या घरांचे झिजलेले ब्रश भाऊंकडे जमा व्हायचे. एसीच्या जाळ्या, दाराच्या फटी, सीटची शिवण, सगळीकडे ते ब्रशनंच शिरायचे. पुसायला त्यांच्या बायकोच्या, यमुनावहिनींच्या जुन्या सुती पातळांचे तुकडे. पातळ पुरेसं जुनं झालं की नाही यावरून नवरा-बायकोचे वाद व्हायचे आणि कधीकधी वहिनींना दोरीवरचं पातळ उतरवून घरात लपवून ठेवावं लागायचं.

दारावर 'कार डिटेलिंग' अशी पाटी होती. शब्द त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून उचलला होता, पण अर्थ त्यांचा स्वतःचा होता. एकदा कोणीतरी विचारलं, भाऊ, धुणं आणि डिटेलिंग यात फरक काय? भाऊ म्हणाले, "धुणं काय, धुतात तं म्हशीलेबी. डिटेलिंग म्हणजे गाडीची विचारपूस. कुठं गेलती, कोन बसलं, काय खाल्लं, काय सांडलं, कोनाच्या पायात कोनती माती होती, हे समदं विचारा लागते. मंग ते साफ होते."

नवी गाडी आली की आमच्याकडे बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. ते रंगात मुरतं आणि मग जाता जात नाही. बाकीचे लोक सरळ पॉलिश घासून मोकळे होतात. भाऊंना ते जमायचं नाही. ते आधी गाडीला हात जोडायचे, स्वस्तिक ओल्या कपड्यानं हलकेच उतरवायचे आणि मग बॉनेट उघडून आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी कुंकवाचं एक बोट टेकवायचे. "घरच्या बाईनं हौसेनं काढेल असते. एकदम निरा पुसून टाकनं बरं नाई."

पण भाऊंच्या या विचारपुशीनं गावात उलथापालथही पुष्कळ झाली. आमच्या गावचे एक मोठे शेतकरी होते. पन्नास एकर जमीन, पांढरी भलीथोरली गाडी, आणि 'मी रोज वावरात जातो, म्हणून माझं पीक असं' हे भाषण. एकदा त्यांनी गाडी भाऊंकडे आणली. भाऊंनी चक्कर मारली, बोट फिरवलं, चाकाच्या आत हात घातला आणि चार माणसांसमोर म्हणाले, "पाटील, पेरनीपासून हे गाडी काळ्या मातीत गेलीच नाई." पाटील लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा हजर, खालपासून वरपर्यंत चिखलानं माखलेली. भाऊंनी चिखल चोळून बघितला. "हे माती बांधावरची हाये. गाडी बांधाले लावून परत फिरले तुमी. आता एक डाव खाली उतरून पाहा." त्या हंगामात पाटील खरोखरच वावरात जायला लागले आणि मालक नसताना आरामात असलेल्या त्यांच्या सालदार गड्यानं भाऊंशी बोलणं टाकलं.

ही विद्या भाऊंना काळी-पिवळीनं दिली. तीस वर्षं त्यांनी मोताळा ते मलकापूर, मोताळा ते बुलढाणा काळी-पिवळी जीप चालवली. नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा बसवायचे, दोघं मागे लटकायचे, एखादं बोकड टपावर. त्या जीपमध्ये बसलेला माणूस चपलांवरून कुठला ते भाऊंना कळायचं. काळी-पिवळीचा विषय निघाला की ते काम थांबवायचे. बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्यांनी भरलेली जीप, लग्नसराईत नवरदेवाला पुढच्या सीटवर बसवून केलेल्या खेपा, घाटात एका बाईला कळा सुरू झाल्या म्हणून सगळ्यांना उतरवून गाडी दवाखान्यात पळवली ती दुपार. "तवा गाडीत जागा नसे सर, पन मानूस राहे. आता जागाच जागा हाये," ते म्हणायचे, आणि पुन्हा ब्रश घेऊन एखाद्या रिकाम्या सीटखाली शिरायचे.

पण गॅरेज त्यांनी धंद्यासाठी बांधलं नव्हतं. ते बांधलं निलेशसाठी. निलेश त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात इंजिनिअर. त्यानं गाडी घेतली असं फोनवर कळलं त्याच आठवड्यात भाऊंनी अंगणातला जुना गोठा पाडला. वर पत्रे, खाली फरशी, भिंतीला पांढरा रंग, आत दोन ट्यूबलाईट. यमुनावहिनी म्हणायच्या, "आमच्या सैपाकघराले फरशी नाई, आन गाडीले पाहा!" त्या दिवाळीला निलेशची गाडी चार दिवस त्या गॅरेजात उभी राहिली. नंतर तीन महिने ते रिकामं होतं. भाऊ रोज सकाळी रिकामं गॅरेज झाडायचे. एक दिवस वैतागून त्यांनी माझ्या हातातली किल्ली ओढून घेतली आणि म्हणाले, "सर, तुमची तरी आना आत." तिथून पुढे धंदा सुरू झाला.

निलेश सुरुवातीला पोळ्याला यायचा, दिवाळीला यायचा, अखाजीला यायचा. अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. मग सून आली, नातू झाला, आणि येणं वर्षातून एकदा-दोनदावर आलं. फोन व्हायचे, पण त्या फोनमध्ये 'हो', 'बरं आहे' आणि 'ठेवतो' एवढंच असायचं. तेव्हा घरची खरी खबर कळायची ती गाडीतून. निलेश आला की दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ त्याच्या गाडीला बसायचे, वहिनी गुडघे धरत धरत चहा घेऊन यायच्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकायच्या आणि विचारायच्या, "काय निघालं हो?"

मग भाऊ एकेक सांगायचे. ड्रायव्हरची सीट दोन खाचा मागं सरकली आहे, म्हणजे पोराचं पोट सुटलं. बुटाच्या मातीत गवताच्या काड्या आहेत, म्हणजे सकाळचा फिरायला जातो. मागच्या सीटच्या फटीत बिस्किटाचा चुरा आहे, म्हणजे नातू आता आईच्या मांडीवर बसत नाही, वेगळा बसतो. वहिनी ऐकताना इतक्या रमायच्या की चहा गार व्हायचा. फटीतून निघालेला खडूचा तुकडा, छोट्या गाडीचं चाक, एकटा मोजा, असं सगळं त्या पदराच्या गाठीला बांधून घरात न्यायच्या. मी हे बघून हसायचो. आता वाटतं, हसायला नको होतं.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी अखाजीला निलेश येणार म्हणून ठरलं होतं. वहिनींनी कुरडया तळून ठेवल्या, आमरसाचे आंबे पिकत घातले. आदल्या दिवशी फोन आला, सुट्टी मिळत नाही. वहिनी म्हणाल्या, "नाई तं नाई. नोकरी हाये." आणि तो सगळा आमरस आमच्या घरी आला. आम्ही तो खाल्ला, पण आम्हाला तो गोड लागला नाही.

जूनमध्ये निलेश आला, दोन दिवसांसाठी, बायको-मुलाला घेऊन. गाडी गल्लीत वळली तेव्हा मी ओट्यावरच होतो. भाऊ पुढे झाले, चक्कर मारली, पत्र्यावर बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. त्यांनी दुसरीकडे फिरवलं. तिथेही काही नाही.

"धुतली?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. निघताना सेंटरला दिली होती. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास. आता वय झालं तुमचं."

नेहमी असं काही झालं की भाऊ निदान दोन वाक्यं टाकतात. त्या दिवशी ते फक्त बोटाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. गॅरेजात निलेशच्या गाडीची चारी दारं उघडी होती आणि भाऊ मागच्या सीटखाली अर्धे शिरलेले. "वरवर पुसली सर. लोकायले दिसते तेवढंच," आतून आवाज आला. मला वाटलं, त्यांना सेंटरवाल्याचा राग आलाय. एवढ्यात ते बाहेर आले. मुलाच्या सीटच्या पट्ट्याखालून निघालेला घडी घातलेला एक कागद त्यांच्या हातात होता. घडी उघडली तर आत कचोरीचे चार-दोन कण.

"वाचा बरं सर. चष्मा घरात राह्यला."

मी वाचलं. गाड्या लावायच्या जागेची पावती होती. शेगावची.

"शेगाव," मी म्हणालो.

"हाव. कचोरीवरून कळलंच. तारीख?"

तारीख मी बघितली. मोताळ्याहून शेगाव जेमतेम तासाभरावर आहे, आणि ती पावती अखाजीच्या दिवसाची होती. "नीट उमटली नाही भाऊ," मी म्हणालो.

"सर," भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमाले खोटं बोलता येत नाई. तुमच्या घरी हुरड्याचंबी नाई आलं. सांगा."

मी सांगितलं. भाऊ फरशीवर बसले. बराच वेळ हातातल्या ब्रशचे केस अंगठ्यानं मागे-पुढे करत राहिले. मला पोरावर इतका संताप आला होता की मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनीच मला अडवलं. "सासरची मंडळी असन संग. मोठी मानसं. त्यायच्या मनानं चाला लागते. मधातच गाडी वळवा म्हनता येत नाई." थोडं थांबून म्हणाले, "म्हनून धुवून आनली पोट्ट्यानं. बाप हुडकून काढन म्हनून." आणि एवढं बोलताना ते चक्क हसले. तसलं हसणं मला त्या माणसाच्या चेहऱ्यावर पुन्हा बघायचं नाही.

तेवढ्यात वहिनी आल्या. एका हातात चहा, दुसरा हात गुडघ्यावर. भाऊंनी कागद शर्टाच्या खिशात घातला. वहिनी खुर्चीवर टेकल्या.

"काय निघालं हो?"

"काई नाई. साफ हाये गाडी."

"काईच नाई?" वहिनींचा चेहरा उतरला. "पोराचं काई नाई?"

भाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे. मग खाकरले. "हाये ना. मागच्या सीटवर डाग होता. आंब्याच्या रसाचा. आताच पुसला म्या. नातवानं आंबा खाल्ला मस्त, हात सीटलेच पुसले."

"माय वं!" वहिनी खुलल्या. "आंबा आवडते त्याले? माह्यावरच गेला मंग. निलेशले तं लहानपनी आंबा दाखोला की दूर पये." आणि त्या आंब्याविषयी बोलत राहिल्या. भाऊ मान डोलावत होते. नऊ वर्षांत त्यांनी एकाही गाडीच्या तोंडी खोटं घातलं नव्हतं. नवऱ्याचं बिंग बायकोपुढे फुटलं तरी चालेल, पण गाडीनं खरंच बोललं पाहिजे असा हा माणूस. मी घरी निघून आलो.

निघायचं होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी दहालाच सामान भरून झालं. कुरडयांचा डबा, तुरीची डाळ, तिखट, सगळं डिकीत गेलं. आम्ही शेजारपाजारचे निरोप द्यायला उभे होतो. सून पुढे बसली, नातू मागे, निलेशनं गाडी सुरू केली. भाऊ समोरची स्वच्छ काच पुन्हा पुसत होते. पुसता पुसता ते निलेशच्या खिडकीपाशी आले आणि वाकले. मी दोन हातांवर होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"निलेश, एक काम कर. पुढच्या टायमाले गाडी धुवून आनू नको."

"का बाबा?"

"जशी असन तशी आन. कुठंबी जाऊन ये, कोनाच्या संगबी जाऊन ये. मी काईच विचारत नाई. पन इतक्या जवळ आला तं दारावरून ने. अर्धा घंटा ने. खाली नको उतरू पायजे तं. तुही माय वाट पाहून राह्यली असते."

निलेशनं आरशात बघितलं, मग बापाच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. खिशातून कागदाचं टोक बाहेर आलं होतं. "आईला..." एवढंच तो म्हणाला.

"तिले काईच नाई माहीत," भाऊ म्हणाले. "अन तुह्या तोंडून कळू देऊ नको. जाय आता. ऊन होईन."

भाऊ बाजूला झाले. गाडी सुरूच होती, पण हलत नव्हती. मग निलेशनं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. तो खाली उतरला, वहिनींजवळ ओट्यावर गेला आणि त्यांच्या पायाशी, लहान मुलं बसतात तसा खालच्या पायरीवर बसला. "आई, आज नाही जात. उद्या जाऊ," तो म्हणाला. सुनेनं काचेतून काहीतरी विचारलं, मग नवऱ्याकडे बघून तीही उतरली आणि मुलाला उतरवून घेतलं. वहिनींना काय चाललंय ते काही कळेना. "काऊन? काय राह्यलं? डबा राह्यला काय?" त्या विचारत होत्या, आणि उत्तराची वाट न बघता चूल-भांडं करायला आत पळाल्या. गुडघे दुखणाऱ्या बाईला मी तशी पळताना कधी बघितली नव्हती.

भाऊ रस्त्यावर उभे होते, हातात पुसायचा कपडा घेऊन. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. नेमकी त्याच वेळी एक गाडी दारात येऊन थांबली. मलकापूरकडचं गिऱ्हाईक, पत्र्यावर बोटभर धूळ, पुढच्या जाळीत कापसाचे पुंजके अडकलेले. एरवी असं काही दिसलं की भाऊंच्या बोटांना चैन पडायची नाही. त्यांनी गाडीकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"आज बंद हाये," ते म्हणाले.

"काऊन जी भाऊ? मी मुद्दाम आलो ना येवढ्या दुरून."

"पोरगा घरी आला माह्या."

गिऱ्हाईक ओळखीचं होतं. त्यानं मान बाहेर काढून ओट्याकडे बघितलं. "तो तं परवाच आलता ना? बाजारात दिसला मले."

"नाई," भाऊ म्हणाले. "आता आला."